पोहण्याचा तलाव

जगभरातल्या कुमारांच्या क्रीडास्पर्धा आपल्याच तालुक्यात भरणार, असा ठराव साखर कारखान्याच्या सभेत एकमताने मंजूर झाला. दुष्काळाचं दुसरं वर्ष, म्हणून पोहण्याचा तलाव रोजगार हमीवर खणला. परदेशी पाहुणे पाहणीला येणार म्हटल्यावर चेअरमन नानासाहेबांनी गावाचे दोन्ही टँकर त्यात ओतवले.

खणणाऱ्यांत मालनबाई होती. टँकर विहिरीत ओतला की बायकांनी शेंदून न्यायचं, ही गावची रीत. तलावालाही तीच लागू झाली, आणि दुपारपर्यंत तलाव कोरडा.

"मालनबाई, ते पाणी पोरांसाठी होतं," नानासाहेब कळवळून म्हणाले.

"व्हय की. पोरंच पिली."

पाहुणे जीपमधून उतरले आणि त्यांनी आधी प्यायला पाणी मागितलं. ते मालनबाईच्या रांजणातून आणावं लागलं.