अळंबीचं बारसं

पेरूखाली उगवलेल्या निळसर अळंबीने जाळीचा झगा घातला होता. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक रिसबूड तिच्यापुढे स्वप्नात असल्यासारखे मांडी घालून बसले होते. घरातल्या एकाही ग्रंथात ती सापडली नव्हती.

"नवीच जात दिसतेय. हिला तुझं नाव देतो," ते बायकोला म्हणाले.

"कुत्र्याच्या छत्रीला? द्या. पण कोणतं? लग्नात तुम्ही तांदळात लिहिलंत ते मृदुला, की माझं? या वेळी तरी विचारून ठेवा."

हजारभर लॅटिन नावं तोंडपाठ असलेल्या रिसबुडांना तिचं माहेरचं नाव काही केल्या आठवेना.

"द्वारका," अळंबीकडे बघत तीच हळूच म्हणाली.

त्यांनी ते वहीत टिपलं आणि वर्गातल्या सवयीने मोठ्याने वाचलं, "द्वारका!"

चाळीस वर्षांत या घरात त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "ओ!"