बाबांना आत सोडा

अवकाशातून येणारी बारीकशी थरथरही टिपणारं ते यंत्र इतकं हळवं होतं, की व्हरांड्यातून कुणी चाललं तरी पडद्यावरची रेघ नाचायला लागायची. बाबांची तर काठी. म्हणून लेकीचा डबा ते रोज प्रयोगशाळेच्या फाटकावरच ठेवून परत फिरायचे. "तुझ्या कामात माझी लुडबुड नको," म्हणायचे.

अखेर तिने यंत्राखाली हादरे गिळणारा नवा पाया बसवला.

"आता कुणाला तरी दणदण चालवून बघू," साहेब म्हणाले.

तिने फाटकावर फोन लावला. "बाबांना आत सोडा."

काठी व्हरांडाभर वाजत आली आणि दाराशी थांबली. रेघ जागची हलली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तसे बाबा दचकले.

"काही बिघडवलं का गं मी?"

तिने शेजारची खुर्ची ओढली. "बसा, बाबा. डबा इथेच उघडू. चार वर्षं मी याच्यासाठीच तर खपत होते."