शिंकणाऱ्यांची खोली

रोगापुढे नातं नसतं. भवानीनगरच्या रस्त्यावरल्या वृद्धाश्रमात व्यवस्थापक मोहनरावांनी हे वाक्य खडूनं फळ्यावर लिहिलं, तेव्हा समोर बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. निम्म्यांना वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांचे चष्मे खाटेवर राहिले होते.

मग मोहनरावांनी नियम तोंडी सांगितले. शहाण्णव सालच्या माघातली थंडी, गावोगाव ताप-खोकल्याची साथ. तोंडाला फडकं बांधायचं. बाहेरच्यानं फाटकाच्या आत यायचं नाही. आणि जो शिंकेल, मग तो कोणीही असो, त्यानं तडक मागच्या वेगळ्या खोलीत जायचं नि डॉक्टर तपासेपर्यंत तिथंच बसायचं. मागच्या थंडीत याच तापानं आश्रमातल्या दोन खाटा रिकाम्या केल्या होत्या, त्यामुळं कोणी वाद घातला नाही.

पहिली शिंक बानूबाईला आली. तीही नातीच्या लग्नादिवशी सकाळी, स्वयंपाकघराच्या दारात.

"आवं, फोडणीचा ठसका हाय ह्यो!"

"शिंकेला कारण विचारायचं नाही, असं ठरलंय बानूबाई," मोहनराव म्हणाले.

नात छकुली. मेंढरांमागं हिंडताना बानूबाईनं तिला खांद्यावर वाढवलेली. लग्न निमगाव केतकीला, सासर भवानीनगरला. जाता जाता वऱ्हाड फाटकाशी थांबणार आणि आजी आतून हात लांब करून नातीच्या कपाळाला भंडारा लावणार, एवढी सवलत मोहनरावांनी दिली होती. आता तीही गेली. वेगळ्या खोलीची एकुलती एक खिडकी उसाच्या फडाकडं उघडत होती.

दुपारी फाटकाशी ट्रॅक्स जीप थांबली. मागं टेंपो, टेंपोत वऱ्हाड आणि ढोल. नवरी उतरली. आत सगळा आश्रम तोंडाला फडकी बांधून उभा होता.

"आजी कुठं हाय?"

"मागल्या खोलीत," फाटकाशी उभे असलेले म्हातारे आबाजी म्हणाले. "शिंकली."

"मग मी हितंच बसते." छकुली शालूसकट धुळीत बसली. "आजीचा भंडारा लागल्याबिगर सासरचा उंबरा वलांडायची न्हाय."

नवरदेव रविराजनं घड्याळाकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं, आणि संसाराला लागणारं पहिलं शहाणपण दाखवून तोही शेजारी बसला.

"पोरी, मला काय हौस आहे का?" मोहनराव फडक्याआडून म्हणाले. "पण आज तुला सोडलं तर उद्या कोणाला अडवू?"

आता, धनगराचं वऱ्हाड रिकामं थांबलं की ढोल वाजतो, आणि ढोल वाजला की भंडारा उधळला जातो. यात कोणाचा काही इलाज नसतो. नवरीच्या चुलत्यानं पिशवी सोडून ओंजळ भरली आणि "येळकोट येळकोट!" अशी आरोळी ठोकली. येळकोट ऐकून गप्प बसणं पाप. सगळ्या म्हाताऱ्यांनी फडकी हनुवटीवर ओढली आणि "जय मल्हार!" म्हणून साद दिली. नेमकं वारं आश्रमाकडं होतं. पिवळा लोट फाटकावरून आत आला आणि उघड्या तोंडांत गेला.

आधी कुशाबाई शिंकली. मग तिच्या शेजारची सिंधुबाई. मग रांगच लागली.

"मागं चला! शिंकलेल्यानं मागं!" मोहनराव बोट दाखवत ओरडू लागले. एरवी जेवायला चार हाका माराव्या लागणारी माणसं पहिल्या हाकेला निघाली. आबाजींना शिंक येईना. ते कासावीस झाले. शेवटी त्यांनी डबी काढून नाकात तपकीर कोंबली आणि अशी शिंक दिली, की ढोलवाला दचकला.

एवढ्यात मोहनराव शिंकले.

ढोल थांबला. सगळे त्यांच्याकडं बघू लागले. मोहनरावांनी रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली.

"सायेब," आबाजी अदबीनं म्हणाले, "मागं."

मोहनराव गेले. बानूबाईनं त्यांना खाटेवर जागा करून दिली आणि खोलीच्या दारातून खणखणीत आवाज टाकला, "छकुले! तू शिंकलीस का गं?"

"शिंकले की!" फाटकाबाहेरून उत्तर आलं. नवरीचं नाक लाल झालं होतं.

"मग मोहनरावास्नी इचार, शिंकलेल्यानं कुठं बसायचं!"

मोहनरावांनी डोळे मिटून विचार केला. बाहेरच्यानं आत यायचं नाही, हा नियम होता. शिंकेल तो कोणीही असो, हाही नियम होता. दोन्ही त्यांचेच. हसू लपवायला त्यांनी फडकं पुन्हा नाकावर चढवलं.

"येऊ द्या तिला. पण तडक! मधे कुठं थांबायचं नाही."

छकुली तडक आली. पैंजण वाजवत, अंगण ओलांडून, धावतच. पाठोपाठ नियम रविराजला लागू झाला, चुलत्याला झाला, ढोलवाल्यालाही झाला. बानूबाईनं नातीच्या कपाळाला भंडारा लावला, नातजावयाला लावला, दोघांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. मग पदराच्या टोकानं छकुलीचं तोंड झाकून म्हणाली, "आता फडकं बांध. साथ हाय." आणि खोलीत एवढा हशा पिकला, की फडातले बगळे उडाले.

संध्याकाळी डॉक्टर स्कूटरवरून आले. शिस्तीप्रमाणे त्यांनी वेगळी खोली शेवटाला ठेवली आणि आधी बाकीचा आश्रम तपासला. खोकला नाही, ताप नाही, सर्दीसुद्धा नाही. मोहनरावांचे नियम तालुक्यात सगळीकडं लावायला हवेत, असं ते आपणहून म्हणाले.

बाकीच्या आश्रमात कोणी नव्हतं.