घोड्याच्या साजाची चकती

प्रोफेसर आठला येणार होते आणि हारून साडेसहालाच बनेद अल-गार वस्तीतल्या खोलीवरून जवळजवळ धावत म्युझियमवर पोहोचला होता. आनंदाच्या भरात त्याला सकाळचा चहासुद्धा गेला नव्हता.

आनंद दुहेरी होता. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि आता कुठे १९५९ साली रुकय्या गुरुवारच्या बोटीनं मुंबईहून कुवेतला येत होती. शिवाय आज त्याच्या चकतीचा निकाल लागणार होता.

'त्याच्या' म्हणजे म्युझियमच्या. पण एका फिरत्या व्यापाऱ्यानं रोमन घोड्याच्या साजावरचा हा ब्राँझचा दागिना दाखवला, तेव्हा मुदीरसाहेबांच्या, म्हणजे म्युझियमच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या, हात धुऊन मागे लागला तो हारून. चकती तळहाताएवढी होती. मधोमध आयाळवाला सिंह, भोवती द्राक्षाचा वेल आणि सगळ्यावर सतराशे वर्षांचा हिरवा गंज. 'वस्तू अस्सल आहे' अशा शिफारशीच्या कागदावर सहीसुद्धा म्युझियमचा नोंद-कारकून असलेल्या हारूनचीच होती. कुवेतजवळच्या बेटावर प्राचीन अवशेषांचं खोदकाम करणाऱ्या प्रोफेसरांनी आज मान डोलावली, की चकतीची खरेदी होऊन ती कायमची म्युझियमची होणार होती.

आत येऊन पाहतो तर काचेचं कपाट उघडं. चकती गायब!

हारून धावत मागच्या अंगणात गेला. पाण्याच्या पिंपाशी इद्रीस उकिडवा बसून काहीतरी घासत होता. इद्रीस त्याच्याच गावचा, राजापूरकडचा. वर्षभरापूर्वीपर्यंत सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, तांबटाच्या दुकानात राबायचा. हारूननंच रदबदली करून त्याला इथं फराश, म्हणजे झाडलोट करणारा शिपाई, म्हणून चिकटवलं होतं.

"हारूनभाई, बघा कशी झाली!" इद्रीसनं ओला हात पुढे केला.

चकती ईदच्या आदल्या दिवशी घासलेल्या हंड्यासारखी लखलखत होती. हिरव्या रंगाचा ठिपकाही उरला नव्हता.

"काय... काय केलंस हे?"

"कोकमाची सोलं चोळली. घरून आलेली. आमची आय भांड्यांना लावते तशी. एवढा मोठा पाव्हणा येनार, नि त्याला मळकी चीज दाखवायची व्हय?"

हारून ओरडला, "अरे, तो मळ नव्हता! त्या गंजातच तर सगळं होतं! रुकय्या बोटीत बसलीय, इद्रीस. आता त्याच बोटीनं आम्हा दोघांना परत पाठवतील."

"मला अडान्याला काय कळतंय त्यातलं?" इद्रीस चकती पुसत म्हणाला. "माझं नाव सांगा."

पण बाहेर मुदीरसाहेबांची आणि प्रोफेसरांची मोटार थांबली होती; ते ठरल्या वेळेच्या आधीच आले होते.

मुदीरसाहेबांनी चकती पाहिली आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. इद्रीसच पुढे झाला आणि मोडक्यातोडक्या अरबीत त्यानं सगळं कबूल केलं. प्रोफेसरांनी खिशातलं भिंग काढलं, चकती खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

मग ते मोठ्यानं हसले.

"खरा जुना गंज धातूला खात आत शिरतो. तो काढला तर खाली खड्डे दिसतात. इथं पाहा, कानशीचे ताजे ओरखडे! ही चकती दोन वर्षांचीसुद्धा नाही. या माणसानं माझं महिन्याचं काम एका सकाळी केलं."

मुदीरसाहेबांनी शिफारशीचा कागद उचलला. "खरेदीनंतर हे उघडकीला आलं असतं," ते हारूनला म्हणाले, "तर सही करणाऱ्याला व्यापाऱ्याचा साथीदार समजून मी पोलिसांच्या हवाली केलं असतं." त्यांनी कागद टराटरा फाडला आणि इद्रीसच्या पाठीवर जोरात थाप मारली.

हारूनला नाचावंसं वाटत होतं. नोकरी शाबूत होती आणि रुकय्या येत होती! त्यानं इद्रीसला ओढतच समोरच्या चहाच्या दुकानात नेलं.

"वेड्या, तुझ्या अडाणीपणानं वाचवलं मला!" तो हसत सुटला. "पण खरं सांग, ती अस्सल रोमन निघाली असती तर?"

इद्रीसनं आजूबाजूला पाहिलं. मग मान खाली घालून तो हळूच म्हणाला, "कागदावर तुमची सही हाय हे मला कालच कळलं, हारूनभाई. नायतर माझ्या हातानं घडवलेली चीज मी कशाला बिघडवली असती?"