स्पीकरचा कागद

माझे बाबा हळदीच्या कार्यक्रमांत बेंजो वाजवायचे. त्यांच्या स्पीकरचा कागद फाटलेला, म्हणून आवाज खरखरायचा, थरथरायचा. एकदा मित्रांसमोरच मी म्हणालो, "बाबा, लाज वाटते. बंद करा ते." त्या हळदीनंतर बेंजो माळ्यावर गेला.

आता मी नागावच्या एका रिसॉर्टवर गिटार वाजवतो. पर्यटकांना जुना बाज आवडतो, म्हणून मुद्दाम पायाने दाबायचं एक पेडल मागवलं. एका बटणाने आवाज खरखरतो, दुसऱ्याने थरथरतो. काल घरी लावून बघत होतो, तेव्हा बाबा डिंक आणि कागदाचा तुकडा घेऊन आले.



"तुझा पण स्पीकर फाटला वाटतं. आण, चिकटवून देतो. चारचौघांत लाज नको वाटायला."