पर्समध्ये नको

“एवढ्याशा गोळीने माणूस मरत नाही रे, नुसता चिडतो,” ओलिटा म्हणाली. दुकानदार डॉईलने दाखवायला काढलेलं छोटं पिस्तूल तिने दोन बोटांनी काउंटरच्या काचेवरून मागे सरकवलं. मेलेला उंदीर बाजूला करावा तसं.

डॉईलला तिची सवय होती. ऑक्टोबर संपत आला होता, हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला, आणि बंदुकांच्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने ओलिटाला सोडून तिच्या सुनेला विचारलं, “टॅम्रा, तू सांग. भीती कसली आहे? कुत्र्यांची, सापांची की माणसांची?”

“माणसांचीच,” उत्तर ओलिटाने दिलं. “दवाखान्यातली ड्युटी सुटली की ही एकटी गाडी हाकत येते. हायवेवर कसले कसले मेले ट्रकवाले थांबलेले असतात. तू हिला पंचेचाळीसचं मोठं पिस्तूल दे. आमच्या ह्यांच्याकडे तेच होतं. एक गोळी, की झालं काम.”

“ओलिटाबाई, तुमचे हे बैलासारखे होते. हिचं मनगट बघा जरा.”

टॅम्राने बाही खाली ओढली. बाहेर ऊन असूनही तिने लांब बाह्यांचा सदरा घातला होता.

“मनगटाला काय धाड भरलीय? सवयीने होतं सगळं.”

“तसं नसतं हो,” डॉईल म्हणाला. “पंचेचाळीसची गोळी जाड, पण हाताला धक्काही तसाच देते. पहिली हुकली तर दुसरी झाडायच्या आत नळी छताकडे गेलेली असते. आणि पिस्तुलाची कुठलीच गोळी माणसाला सिनेमातल्यासारखी मागे उडवत नाही. ती लागायला पाहिजे तिथे लागली पाहिजे. मी म्हणतो, नऊ एमएमचं घे. हल्लीची गोळी आत जाऊन पसरते, छान उमलते.”

“उमलते म्हणे! फुलं विकायला बसलायस का रे?” ओलिटा आपल्याच बोलण्यावर मोठ्याने हसली.

डॉईलही हसला. मग त्याने टॅम्राला विचारलं, “अंदाजे किती लांबून मारावी लागेल?”

“गाड्या लावतात ना, त्या मैदानाएवढं धर,” ओलिटा म्हणाली.

“स्वयंपाकाच्या ओट्यापासून दारापर्यंत,” टॅम्रा म्हणाली. दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

“घाबरलीय पोर, काहीही बोलते,” ओलिटा घाईघाईने म्हणाली. “तू ते पंचेचाळीसचं काढ बघू.”

डॉईलने काही काढलं नाही. “त्याच्या अंगात काय असेल? जाड कोट असला तर लहान गोळी आत नीट पोचत नाही, म्हणून विचारतो.”

“बनियन,” टॅम्रा म्हणाली. “बहुतेक वेळा बनियनच असतं.”

आता डॉईल हळू बोलायला लागला. “बरं. मग राहिलं लपवायचं. कमरेला लावणार की पर्समध्ये? बायका जास्त करून पर्समध्येच ठेवतात.”

“पर्समध्ये नको. पर्स रॉइस रोज संध्याकाळी उलटी करून बघतो.”

रॉइस म्हणजे ओलिटाचा धाकटा मुलगा, टॅम्राचा नवरा. नवरा गेल्यावर तिने तीन मुलगे एकटीने वाढवले, कुणापुढे हात पसरला नाही. आपल्या घरात दारू नाही, शिवीगाळ नाही, तुरुंग नाही, असं ती चर्चच्या पायरीवर उभी राहून दरवर्षी ऐकवायची. रॉइस तर रविवारी तिथे दार धरून उभा राहायचा आणि म्हाताऱ्यांना हाताला धरून आत न्यायचा. अख्ख्या तालुक्यात त्याच्यासारखा मुलगा नाही, हे लोकांनी तिच्याच तोंडून ऐकलं होतं.

डॉईल तिच्याकडे बघत राहिला. ती आता काहीतरी लागट बोलेल, सुनेला झापेल, असं त्याला वाटलं. पण ओलिटा सुनेच्या लांब बाहीकडे बघत होती.

टॅम्राने मात्र तिच्याकडे पाहिलं नाही. ती पुढे वाकली आणि औषधाच्या दुकानात विचारावं तसं तिने विचारलं, “डॉईल, खरं सांग. एका गोळीत होईल ना? दुसरी माझ्याने झाडवणार नाही. माझ्या मुलींचा बाप आहे तो.”

मागे कुणीतरी काडतुसांची खोकी खाली ठेवत होतं.

“ते सगळं आत ठेव,” ओलिटा डॉईलला म्हणाली. “पंचेचाळीसचंही नको आणि नऊचंही नको. फोन दे इकडे.”

“कुणाला लावायचाय?”

“शेरीफच्या पोलिसांना.”

टॅम्राने तिचा हात धरला. “आई, नको. तुम्ही गेल्या खेपेला...”

“ठाऊक आहे मला मी गेल्या खेपेला काय केलं ते.” ओलिटाने हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने तिने फोन कानाला लावला. पलीकडून कुणीतरी नाव विचारलं. ते नाव ती एरवी मान ताठ करून सांगायची. आज तिने ते एवढ्या हळू सांगितलं, की पलीकडच्याने पुन्हा विचारलं.

“ओलिटा हॅगुड,” ती म्हणाली. “मार्चमध्ये तुमच्या माणसाला मी सांगितलं होतं, की सून पायऱ्यांवरून पडली. ते खोडा आणि नीट लिहून घ्या. ती पडली नव्हती. मी समोर बसून जेवत होते.”