खंडेनवमीचं कुंकू

"कपाटाच्या डोळ्याला कुंकू कुणी लावलं?" फौजदार ढेकळ्यांनी विचारलं.

"खंडेनवमी होती, साहेब. बंदुकीची पूजा झाली, मग हिनं कपाटालाही पाच बोटं ओढली," दिनकरराव जाचक म्हणाले. "त्याचा कॅमेऱ्याचा डोळा झाकला गेला. मग ते मला ओळखेना, कुलूप लावून घेईना. आम्ही म्हटलं, आधी जेवून घेऊ. तेवढ्यात चोरानं बंदूक नेली."

"कपाटानं तुमच्याआधीच तक्रार दिलीय." ढेकळ्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. खुनाचा होता. आरोपीच्या रकान्यात जाचकांचं नाव होतं, मयताचा रकाना रिकामा होता.

"अहो, पण गोळी कुठं सुटलीय?"

"सुटेल की. उघड्या कपाटातून गेलेल्या बंदुकीची गोळी आता मालकाच्या नावावर. बसा, चहा घ्या."

जाचक हसले. "काडतुसंच नाहीत चोराकडं. ती खालच्या खणात राहिलीत."

"मग कपाट बंद केलंत?"

"ही घरी कुंकू पुसत बसलीय. ओलं होतं ना, निघतच नाही म्हणाली."

जाचकांचा मोबाइल वाजला. बंदुकीचा निरोप होता: 'मी घरी पोचले.'

"बघा, आली परत," जाचक म्हणाले.

तेवढ्यात दुसरा निरोप आला: 'माझ्यात दोन काडतुसं भरली आहेत.'

जाचकांनी बायकोला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. "साहेब, गाडी पाठवा."

"पाठवतो. वीस मिनिटं लागतील." ढेकळ्यांनी फॉर्म परत ओढला, पेनाचं टोपण काढलं. "तोवर वहिनींचं पूर्ण नाव सांगा."